आवक, जावक आणि दादाची पेटी

आमच्या घराण्यात कुठलीही वस्तू मरत नाही, ती माळ्यावर जाते. तिथे ती दहा-पंधरा वर्षं राहते आणि एखाद्या दिवाळीच्या साफसफाईत खाली येऊन सगळ्यांच्या डोळ्यांत धूळ आणि क्वचित पाणी आणते. २०२५ सालच्या दिवाळीआधी कल्याणहून वहिनींचा फोन आला तो असाच.

"भाऊजी, माळा काढलाय. ह्यांची ती पायानं दाबायची पेटी सापडली. भंगारवाला किलोवर घेतो म्हणतोय."

"चालू आहे का?"

"दिवे लागतात. पण 'बॅटरी लो, बॅटरी लो' असं सारखं लिहून येतंय. आणि भाऊजी..." वहिनी जरा थांबल्या. "त्यात ह्यांचं वाजवणं आहे ना? तेवढं काढून द्या मला. मग पेटी गेली तरी चालेल."

मी 'हो' म्हणालो. बावीस वर्षं काउंटरमागे बसून लोकांना 'नाही' म्हणण्याचा मी पगार घेतो. पण वहिनींना 'नाही' म्हणण्याची सोय आमच्या सर्व्हिस रूल्समध्ये नाही.

दादा गेला २०१९ साली. जन्मभर एका कारखान्यात स्टोअरकीपर, आणि गणपती ते दसरा ऑर्केस्ट्रातला गिटारवाला. १९९८ साली त्यानं वहिनींना न विचारता हप्त्यावर ही पेटी आणली आणि पुढचे हप्ते वहिनींचं बोलणं ऐकत फेडले. पेटी म्हणजे गिटारचा इफेक्ट्स प्रोसेसर. गिटारची वायर हिच्यात खुपसायची आणि हिची वायर ॲम्प्लिफायरमध्ये. मधल्यामध्ये ही बया सुराचं वाटेल ते करते. घुमवते, फाडते, एकच सूर चार वेळा ऐकवते, एका गिटारच्या दोन असल्यासारखं भासवते. मनासारखा आवाज जमला की त्याला नंबर आणि नाव देऊन ठेवायचं. त्याला पॅच म्हणतात. दादानं असे पन्नास पॅच भरले होते. नावं इंग्रजी अक्षरांत, पण अस्सल घरची. 'लोकल', 'पाऊस'. 'साहेब' नावाचा एक होता. त्यात आवाज प्रचंड आणि सूर शोधून सापडत नाही. आणि सदतिसावा होता 'सौ'.

पेटी घरी आणली आणि माहिती काढली. आतल्या पाटीवर जवळजवळ रुपयाएवढी ३ व्होल्टची लिथियमची बॅटरी डाग देऊन बसवलेली. नाव सीआर २०३२. यातल्या २० चा अर्थ व्यास २० मिलिमीटर आणि ३२ चा अर्थ जाडी ३.२ मिलिमीटर, हे कळल्यावर मला त्या बॅटरीविषयी आदर वाटला. माणसांची नावं अशी असती तर आमच्या मॅनेजरांना स्वतंत्र फॉर्म छापावा लागला असता. प्लग काढल्यावर पेटीची स्मरणशक्ती या बॅटरीवर जगते. बॅटरी मेली, किंवा बदलायला म्हणून काढली, की दादाचे पन्नास पॅच संपले. म्हणजे बॅटरी बदलायची तर आधी सगळं बाहेर काढून ठेवायला हवं.

मी माझ्या पद्धतीनं सुरुवात केली. लांब वही घेतली, रेघा मारल्या आणि पेटीच्या पडद्यावरचा एकेक आकडा उतरवू लागलो. पहिला मान अर्थातच ३७ नंबरचा. दोन पॅच झाले तोवर चिरंजीव आले. ते इंजिनियरिंगला, कॉम्प्युटरच्या दुसऱ्या वर्षाला आहेत.

"बाबा, पन्नास पॅच हातानं? मिडीनं दोन मिनिटांचं काम आहे."

ती दोन मिनिटं नऊ दिवस चालली.

पेटीबरोबर मिळालेली फ्लॉपी दादानं प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवली होती. ती वाचायला बाहेरून लावायचा ड्राइव्ह आमच्या शाखेतल्या एका जुन्या सहकाऱ्यानं दिला. फ्लॉपी वाचली गेली! मी पेढे आणायच्या बेतात होतो. पण त्या प्रोग्रामवर क्लिक केल्यावर लॅपटॉपनं सभ्य इंग्रजीत कळवलं, की हे या कॉम्प्युटरवर चालणार नाही. चिरंजीवांनी उकल केली: तो प्रोग्राम १६ बिटांचा, लॅपटॉपवर विंडोज ११, आणि ते फक्त ६४ बिटांचंच असतं. ६४ बिटांचं विंडोज १६ बिटांचे प्रोग्राम चालवत नाही. मी म्हणालो, "अरे, मोठ्याला लहान जड का व्हावं? चौसष्टात चार वेळा सोळा बसतात." त्यावर त्यानं माझ्याकडे असं पाहिलं की बी.कॉम.च्या पदवीवर पुन्हा शिक्का मारून घ्यावासा वाटला.

प्रोग्राम राहू दे, मिडी आहेच, असं ठरलं. मिडी म्हणजे संगीताच्या यंत्रांनी एकमेकांशी बोलायची भाषा. ती आली १९८३ साली, म्हणजे कपिल देवनं वर्ल्ड कप उचलला त्याच वर्षी. एका अमेरिकन आणि एका जपानी कंपनीचे सिंथेसायझर त्या वर्षी जानेवारीत एका प्रदर्शनात वायरनं जोडून दाखवले, आणि दोघांत भांडण झालं नाही. ही भाषा खटपट करून जमवणारे डेव्ह स्मिथ आणि इकुतारो काकेहाशी यांना २०१३ साली तांत्रिक ग्रॅमी मिळालं. तीस वर्षांनी. आमचे एरियर्स त्याआधी येतात. गोल पाच टाचण्यांचा प्लग आणि सेकंदाला ३१,२५० बिट, हा त्या काळचा वेग. लॅपटॉपच्या भोकाची ताकद सेकंदाला ५ अब्ज बिट. मी भागाकार केला: एक लाख साठ हजार पट. म्हणजे विमानानं बैलगाडीला हात दाखवून थांबवायचं आणि वर पत्ता विचारायचा, असा प्रकार.

या दोघांमधली केबल बाजारात मिळते. एका टोकाला यूएसबी, दुसऱ्या टोकाला दोन गोल प्लग, एकावर 'इन', दुसऱ्यावर 'आउट'. पेटीलाही दोन भोकं, 'इन' आणि 'आउट'. चिरंजीवांनी 'इन'मध्ये 'इन' घातला, 'आउट'मध्ये 'आउट'. कुठल्याही सुसंस्कृत माणसानं हेच केलं असतं. पेटीवर 'सगळं पाठव' हे बटण दाबलं. पेटी म्हणाली, पाठवलं. लॅपटॉप म्हणाला, काही आलं नाही. मिडीत पोच देण्याची पद्धत नाही. पाठवणारा पाठवून मोकळा होतो, मिळालं की नाही ते विचारत नाही. सरकारी टपाल बरं, निदान रजिस्टर करता येतं.

तीन दिवस आम्ही लॅपटॉप बंद केला आणि चालू केला. भोक बदललं. ड्रायव्हर काढला, पुन्हा घातला. चिरंजीवांनी मित्राचा लॅपटॉप आणला, त्यानंही काही आलं नसल्याचं सांगितलं. "पेटीच गेली आहे," असा निकाल लागला. पडद्यावर 'बॅटरी लो' अधिक आर्जवानं लुकलुकतंय असं मला उगीच वाटू लागलं.

चौथ्या दिवशी बँकेत एक किराणा दुकानदार काउंटरवर भांडायला आला. "तुमच्या पासबुकात पैसे जमेला दाखवलेत, माझ्या वहीत हेच पैसे नावे आहेत. चूक कुणाची?" मी त्याला शांतपणे सांगितलं, "शेठ, चूक कुणाचीच नाही. तुमच्या वहीत बँक तुमचं देणं लागते. आमच्या वहीत तीच रक्कम तुमची म्हणून जमा. आधी विचारायचं, वही कुणाची?" आणि बोलता बोलता मी एकदम गप्प झालो. शेठला वाटलं, माझीच चूक सापडली.

बँक जुळवणी पत्रक! अकरावीला शिकवलेलं, परीक्षेनंतर लगेच विसरलेलं. केबलवरचं 'इन' कुणाच्या वहीत 'इन'? केबल कॉम्प्युटरची. म्हणजे ती कॉम्प्युटरची आवक. आणि कॉम्प्युटरची आवक ती पेटीची जावक! मी स्वतः पाच वर्षं आवक-जावक टेबलावर काढली आहेत आणि घरात तीन दिवस आवकेचे कागद आवकेच्याच खिडकीत कोंबत होतो.

घरी आल्यावर चप्पल न काढता प्लगांची अदलाबदल केली. 'इन' पेटीच्या 'आउट'मध्ये, 'आउट' पेटीच्या 'इन'मध्ये. केबलवरचा बारीक दिवा लकलकला. (काही केबलींवर उलटही लिहिलेलं असतं, तेव्हा दोन्हीकडून लावून बघावं. मिडीत उलट जोडल्यानं काही जळत नाही. जळतात ती फक्त घरची माणसं.) चिरंजीव म्हणाले, "बाबा, तुम्हाला कसं कळलं?" मी म्हणालो, "कॉमर्स."

पत्र येऊ लागलं, पण ते वाचायला कारकून हवा. तो एका फुकट मिळणाऱ्या जुन्या प्रोग्रामच्या रूपानं भेटला. नाव मिडी-ऑक्स. ऑक्स म्हणजे बैल. एवढी विमानं उडून शेवटी कामाला आला तो बैलच. त्यानं आलेले आकडे ओळीनं मांडून दाखवले. प्रत्येक पॅचचं पाकीट 'एफ शून्य'नं उघडतं, 'एफ सात'नं बंद होतं, आणि मधला कुठलाही आकडा १२७ च्या वर जात नाही. हिशेबाला किती सोयीचं! पेटीच्या माहितीपुस्तकाच्या शेवटच्या पानांत लिहिलं होतं की एका पॅचचे १८६ बाइट. पन्नास पॅचचे ९,३००. सेकंदाला ३,१२५ बाइट या वेगानं तीन सेकंदांचं काम.

आलेले बाइट होते ८,८१७.

चिरंजीव म्हणाले, "आलंय ना बरंचसं, सेव्ह करू." आता 'बरंचसं' हा शब्द बँकेत चालत नाही. ४८३ चा फरक असताना मला झोप येणं शक्य नव्हतं. मी एकेक पाकीट तपासलं. काही उघडली होती पण बंदच झाली नव्हती. ओपनिंग बॅलन्स आहे, क्लोजिंग नाही. आणि अशा फाटक्या पाकिटांत ३७ नंबर होता. दुसऱ्यांदा मागवलं तर वेगळीच पाकिटं फाटली. दोष केबलचा निघाला. स्वस्तातल्या केबलींच्या पोटात जागा कमी. एकेक सूर त्या नीट पोचवतात, पण असा गठ्ठा आला की मधले कागद गळतात. शेवटी वरच्या मजल्यावरच्या, कीबोर्ड वाजवणाऱ्या मुलाकडून त्याची चांगली, आवाज आणि मिडी दोन्ही घेणारी डबी उसनी आणली. रात्री दीड वाजता ताळा जमला. ९,३००. पुन्हा मागवलं, पुन्हा ९,३००, आणि दोन्ही फाइली शब्दशः सारख्या. मग ३७ नंबरचा पेटीवरचा प्रत्येक आकडा मी लांब वहीशी ताडून पाहिला आणि लाल शाईनं बरोबरची खूण केली.

दुसऱ्या दिवशी रेडिओ दुरुस्तीवाल्यानं बॅटरी बदलून दिली. चालू केल्यावर पेटी कोरी. दादाचं एकही नाव नाही, सगळी कारखान्यातली इंग्रजी नावं. सगळं जपून ठेवलंय हे माहीत असूनही माझ्या पोटात गोळा आला. फाइल परत पाठवली, पेटी ढिम्म. पेटीत 'मेमरी प्रोटेक्ट' म्हणून एक कुलूप असतं, ते काढायचं राहिलं होतं. काढलं, पुन्हा पाठवलं. तीन सेकंदांत 'लोकल' आली, 'पाऊस' आला. 'साहेब' आले. 'सौ' आली.

आणि तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. यात दादाचं वाजवणं कुठे होतं? १८६ आकडे. गुंज किती, घूम किती, पडसाद किती वेळानं. बटणं कुठे ठेवली होती त्याची यादी. स्वयंपाकघरात डबे जागच्या जागी असावेत आणि स्वयंपाक करणारं माणूस नसावं, तसं. वाजवणं त्यात कधी साठवलंच जात नव्हतं. आणि मी वहिनींना 'हो' म्हणून बसलो होतो.

आता निदान त्या आवाजात काहीतरी रेकॉर्ड करून द्यावं म्हणून मी दादाची गिटार काढली. मला तीन कॉर्ड येतात, त्यातली दोन नक्की. पेटी ॲम्प्लिफायरला जोडली आणि उसन्या डबीतून लॅपटॉपलाही. मागून सतत 'हूंऽऽ'. आपल्या विजेची ५० हर्ट्झची गुणगुण. ॲम्प्लिफायरचं अर्थिंग एका वाटेनं, लॅपटॉपच्या चार्जरचं दुसऱ्या वाटेनं, आणि दोघांनी मिळून घरात फेर धरलेला. चार्जर काढला की गुणगुण बंद, आणि चार्जर काढला की वीस मिनिटांत लॅपटॉपही बंद. वीस मिनिटांत माझी तिसरी कॉर्ड लागत नाही.

शेवटी रविवारी पेटी, गिटार आणि ॲम्प्लिफायर घेऊन कल्याण गाठलं. वहिनींनी चहा ठेवला. मी खरं ते सांगितलं. "वहिनी, वाजवणं यात नाही. फक्त आवाज कसा लावायचा तेवढं आहे."

त्या काही बोलल्या नाहीत. पदराला हात पुसत समोर येऊन बसल्या. मी ३७ नंबर लावला. नाव वाचून त्या म्हणाल्या, "मला वाटलंच. ओरडण्याचा असेल."

मलाही तसंच वाटत होतं. पण तार छेडली तर कुठे फाटलेपण नाही. साधा, स्वच्छ आवाज, आणि मागून जरा उशिरानं, हलका, त्याचाच पडसाद. मी माझ्या तीन कॉर्ड वाजवल्या. मग पुन्हा त्याच तीन वाजवल्या, कारण चौथी नव्हती.

"भाऊजी," वहिनी म्हणाल्या, "वाजवता अगदी भिकार. पण आवाज ह्यांचाच आहे."

मग चहा उतू गेला म्हणून त्या आत पळाल्या, आणि आतूनच म्हणाल्या, "बंद करू नका."