मार्मट आणि मूषक

'मार्मट' हें नांव आपल्या कानांस कितीहि परकें वाटलें, तरी त्याच्या पोटांत आपल्या घरचाच एक शब्द दडलेला आहे. लॅटिन भाषेंतील 'मूस माँतिस', म्हणजे डोंगरांतील उंदीर, यापासून तें आलें असें बऱ्याच कोशकारांचें मत आहे. पुटपुटणें या अर्थाच्या एका फ्रेंच क्रियापदाशीं त्याचें नातें जोडणारेहि कांहीं आहेत. पहिलें मत ग्राह्य धरल्यास त्यांतील 'मूस' हा संस्कृत 'मूष' शब्दाचा सख्खा भाऊ होय. आपल्या वैयाकरणांनीं मूषक शब्द 'मुष्', म्हणजे चोरणें, या धातूपासून साधिला आहे. श्रीगजाननाच्या वाहनास ही व्युत्पत्ति कितपत रुचली असेल, कोण जाणे!

आम्हां अकोलेकरांस डोंगरांचा तोटा नाहीं. कळसूबाईचें शिखर आमच्याच तालुक्याच्या सीमेवर उभें आहे. परंतु त्याची उंची १६४६ मीटर, आणि हिमालयांतील मार्मट साधारणतः साडेतीन हजार मीटरांच्या खालीं वस्ती करीत नाहीं. त्यामुळें आमच्या घरांत त्याचें प्रथम दर्शन घडलें तें लदाखाहून परतलेल्या पुतण्याच्या छायाचित्रांत. "अगबाई, केवढी ही घूस!" वहिनी उद्गारल्या. मार्मट खारीच्या कुळांतला. तरी वहिनींचें बोलणें अगदींच अस्थानीं नव्हतें. दोघांचाहि धंदा जमीन उकरण्याचा. शिवाय इंग्रजांनीं घुशीस 'बँडिकूट' म्हटलें, तें तेलुगू 'पंदिकोक्कु', म्हणजे डुक्कर-उंदीर, या शब्दावरून. नांव ठेवतांना ओळखीच्या प्राण्याचा आधार सर्वांनाच लागतो.

महाभारताच्या सभापर्वांत राजसूयाच्या प्रसंगीं खस आदि लोकांनीं 'पिपीलिक' नांवाचें, मुंग्यांनीं उकरलेलें सोनें आणल्याचा उल्लेख आहे. ग्रीक इतिहासकार हिरोडोटस यानेंहि कोल्ह्याहून मोठ्या अशा सोनें उकरणाऱ्या मुंग्यांचें वर्णन केलें आहे. फ्रेंच प्रवासी मिशेल पेसेल यानें १९९६ मध्यें असें प्रतिपादिलें, कीं या मुंग्या म्हणजे सिंधूकाठच्या पठारावरील मार्मटच. त्यांच्या बिळांतून वर येणाऱ्या मातींतील सुवर्णकण तेथील लोक वेंचीत असत. हा तर्क सर्वमान्य झाला नसला, तरी मला तो पटण्याजोगा वाटतो.

याचें कारण पुस्तकी नाहीं. लहानपणीं राजूरकडे भातकापणीनंतर खाचरांचे बांध उकरणारीं गरिबांचीं मुलें मीं पाहिलीं आहेत. घूस आपल्या बिळांत भाताच्या लोंब्या सांठवून ठेवते. त्या काढून, धुऊन, वाळवून कांडल्या कीं त्यांच्या घरीं दोन-चार दिवसांची चूल पेटे. शेतमालक त्यांस हटकीत नसे. त्याच्या दृष्टीनें तें धान्य घुशीनें केव्हांच चोरलेलें होतें.