अडीचचा कंडेन्सर

मे महिन्यात दुकानात येणाऱ्या पंख्यांची तक्रार ठरलेली असते: फिरतो, पण वारा लागत नाही. गिऱ्हाईक आधी व्होल्टेजला आणि मग बेअरिंगला नावं ठेवून आलेलं असतं. वर भीत भीत विचारतं, "वायंडिंग गेलं का हो काका?" वायंडिंग जळालेला पंखा असा रेंगाळत फिरत नाही, तो वास सोडतो आणि बंद पडतो. मी दांडीच्या बुडाशी असलेला कप वर सरकवतो, कंडेन्सरच्या दोन्ही वायरी सोडतो आणि मीटर लावतो. अंगावर २.५ मायक्रोफॅरड छापलेलं असतं, मीटर दाखवतो १.६.

कंडेन्सर चालू तरी असतो नाहीतर गेलेला तरी, असं लोक धरून चालतात, आणि आमच्यातले बरेच मेकॅनिकही. पंख्याचा कंडेन्सर बहुधा थोडा थोडा कमी होत जातो. पंख्याचा वेगही त्याच्याबरोबर इतक्या सावकाश उतरतो, की घरातल्यांना वाटतं यंदाचा उन्हाळाच कडक आहे.

पंख्याला तो लागतोच कशाला? घरात येते ती सिंगल फेज वीज. तिच्यामुळे एका वायंडिंगमध्ये तयार होणारं चुंबकत्व एकाच रेषेत उलटसुलट होतं, गोल फिरत नाही. पायमशीनवर शिवणाऱ्यांना हे पटकन कळेल. पायटा खाली-वरच होतो. चाक नेमकं अडनिड्या जागी थांबलेलं असलं तर पाय कितीही दाबा, हलत नाही. हाताने जरा ढकललं की चालू होतं, आणि ढकलाल त्या दिशेला फिरतं. उलटं गेलं की दोरा तुटलाच. कंडेन्सर काढलेला पंखाही असाच नुसता गुणगुणत राहतो. पात्याला काठीने ढकललं तर फिरू लागतो, सुलटा किंवा उलटा, जसं ढकलाल तसा.

पंख्यातलं पहिलं ते रनिंग वायंडिंग; हे ढकलण्याचं काम दुसरं, म्हणजे स्टार्टिंग वायंडिंग करतं. पण त्यातलं चुंबकत्वही पहिल्याबरोबरच चढलं-उतरलं तर उपयोग नाही, ते थोडं आगेमागे व्हायला हवं. कंडेन्सरमध्ये करंट व्होल्टेजच्या पाव फेरा पुढे धावतो. त्याला स्टार्टिंग वायंडिंगच्या सिरीजमध्ये जोडलं, की त्या वायंडिंगचा करंट रनिंगच्या करंटच्या पुढे निघतो आणि दोन्ही चुंबकत्वं मिळून गोल फिरणारं क्षेत्र तयार होतं. नावात स्टार्टिंग असलं तरी पंख्यात हे वायंडिंग शेवटपर्यंत कामावर असतं. गंमत म्हणजे कंडेन्सरच्या आरपार वीज जातच नाही. एका पत्र्यावर भार साठतो तेवढाच दुसऱ्यावरून निघतो, आणि ५० सायकलच्या विजेत ही दिशा सेकंदाला १०० वेळा पालटते. २.५ मायक्रोफॅरडचा विरोध भरतो साधारण १२७० ओहम. क्षमता १.६ वर आली की तोच विरोध २००० च्या जवळ जातो, आणि स्टार्टिंगला जोर उरत नाही.

आता तो कमी का होतो. एखादा जुना कंडेन्सर करवतीने कापून बघावा. आतल्या राळेच्या भरावात प्लॅस्टिकच्या फिल्मची घट्ट गुंडाळी निघते. फिल्म पॉलीप्रॉपिलिनची, जाडी काही मायक्रॉन, आणि तिच्यावर ॲल्युमिनियमचा किंवा जस्ताचा इतका पातळ मुलामा की बोट घासलं तरी निघतो. पत्रा म्हणतात तो हाच. चालू असताना फिल्ममध्ये कुठे कच्ची जागा असली, किंवा व्होल्टेज उसळलं, की तिथे भोक पडतं. एरवी तिथेच शॉर्ट होऊन खेळ संपला असता. पण भोकातून उडणाऱ्या ठिणगीने आजूबाजूचा मुलामाच वाफ होऊन जातो, भोकाभोवती मोकळी गोल जागा उरते आणि शॉर्ट आपोआप तुटतो. पंख्याला पत्ताही लागत नाही. उलगडलेली फिल्म खिडकीकडे धरली की हे बारीक पारदर्शक ठिपके दिसतात. प्रत्येक ठिपक्यागणिक पत्र्याचं क्षेत्र तेवढं कमी झालेलं असतं. पत्र्याच्या छपराखालचा उकाडा आणि कोकणातली दमट हवा याला हातभार लावतात. ओल आत शिरली की मुलामा कडेकडेने खाल्ला जातो.

एवढं ऐकल्यावर हुशार गिऱ्हाईक म्हणतं, "मग चारचाच टाका की, जोरात फिरेल." फिरेलही थोडे दिवस. पण स्टार्टिंग वायंडिंगची तार ठरावीक करंटसाठी धरलेली असते. जास्तीचा कंडेन्सर तिच्यात जास्त करंट ढकलतो, पंखा हाताला चटका देण्याइतका तापतो, आणि शंभराच्या आतबाहेरच्या वस्तूपायी वायंडिंगचं बिल होतं. पंख्यावर लिहिला असेल तोच आकडा टाकावा, यात मी कुणाचं ऐकत नाही.

आमच्या धंद्यात कंडेन्सर तपासायची जुनी पद्धत म्हणजे त्याच्या वायरी क्षणभर मेनला लावायच्या आणि मग एकमेकींना टेकवायच्या. ठिणगी उडाली तर चांगला. मला ही पद्धत अजिबात पसंत नाही. १.६ चा कंडेन्सरही झकास ठिणगी देतो. उलट विजेची लाट नेमकी शून्यावर असताना वायर सुटली, तर नवाकोरा कंडेन्सरसुद्धा गप्प राहतो. शिवाय २३० व्होल्टची लाट माथ्यावर ३२५ ला पोचते, आणि सुटताना असेल तेवढं व्होल्टेज आत अडकून राहतं.

पंख्यात ते फारसं टिकत नाही, कारण दोन्ही वायंडिंगांतून त्याला निचऱ्याची वाट असते. विहिरीवरच्या सिंगल फेज मोटरच्या पॅनलमध्ये गोष्ट वेगळी. तिथे रनिंगच्या कंडेन्सरशिवाय एक मोठा स्टार्टिंगचा कंडेन्सर असतो, १०० मायक्रोफॅरडच्या आसपासचा. हा इलेक्ट्रोलिटिक, क्षणभराच्या कामापुरताच बनवलेला. हिरवं बटण दाबून ठेवाल तोवर तो सर्किटमध्ये, मोटरने वेग पकडला की बाहेर. तो अशक्त झाला की मोटर लवकर उचलत नाही, शेतकरी बटण आणखी दाबून धरतो, कंडेन्सर तापतो आणि फुटतो. बाहेर पडला की त्याची वाट तुटते आणि भार आतच राहतो. १७४६ साली लायडनच्या मुशेनब्रुक नावाच्या शास्त्रज्ञाने पाण्याच्या बरणीत साठलेल्या विजेचा झटका खाल्ला आणि पॅरिसला कळवलं, की फ्रान्सचं राज्य दिलं तरी हा प्रयोग पुन्हा करणार नाही. त्याच्या हातातली बरणी म्हणजे हीच वस्तू.

म्हणून मेन बंद केलं तरी मी पॅनलमध्ये लगेच हात घालत नाही. आधी होल्डरमधला बल्ब त्या दोन टोकांना लावतो, मग मीटर. काही कंडेन्सरांच्या टोकांवर भार उतरवायला एक बारीक रेझिस्टर जोडूनच येतो. पण पॅनलमध्ये पाली शिरतात, मुंग्या घर करतात, आणि त्या रेझिस्टरचं एक टोक सुटलेलं असलं तर बाहेरून कळत नाही.