एक पायरी चुकली आणि...

त्या सकाळी ऑफिसला उशीर झाला होता. एका हातात डबा, दुसऱ्या हातात मुलाचे दप्तर आणि खांद्यावर पर्स अशी मी घाईघाईने जिना उतरत होते. शेवटच्या पायऱ्या नुकत्याच पुसलेल्या होत्या. काही कळायच्या आत मी खाली बसले होते आणि उजवे पाऊल घोट्यापासून भलत्याच दिशेला वळले होते.

शेजारच्या काकू धावत आल्या. कुणाला पाय चोळू दिला नाही की ओढू दिला नाही. आधी त्यांनी माझी जोडवी काढली, मग पायाभोवती उशी गुंडाळून ओढणीने बांधली. त्या वेळी जोडव्यांचे काय एवढे, असे वाटून मला रागच आला. पण तासाभरात पाय इतका सुजला की, जोडवी कापूनच काढावी लागली असती.

एक्सरेत घोटा तीन ठिकाणी मोडलेला दिसला. आतला उंचवटा, बाहेरचा उंचवटा आणि मागची कड. डॉक्टरांनी सांधा जागेवर बसवून अर्धे प्लास्टर घातले, पण ऑपरेशन मात्र लगेच केले नाही. ताणलेल्या कातडीवर चिरा दिला, तर जखम भरत नाही, जंतू शिरण्याची भीती असते. कातडीला सुरकुत्या पडेपर्यंत थांबायचे होते.

तोवर नाशिकहून सासूबाई आल्या. आल्या आल्या म्हणाल्या, ‘‘आमच्याकडे हाडवैद्य आठ दिवसांत पाय बसवतो.’’ डॉक्टरांनी त्यांना एक्सरे दाखवून समजावले, ‘‘आजी, सारे वजन या सांध्यावर येते. हाड थोडेसे जरी वाकडे जुळले, तरी सांधा झिजतो आणि दुखणे जन्माचे मागे लागते.’’ सासूबाई गप्प बसल्या. नवव्या दिवशी पट्टी आणि स्क्रू बसवले गेले.

खरी परीक्षा पुढेच होती. सहा आठवडे पाय जमिनीला टेकवायचा नव्हता. ज्या सासूबाईंशी आजवर मी जेवढ्यास तेवढे बोलत होते, त्याच आता मला अंघोळ घालत होत्या, खुर्चीचा कमोड साफ करीत होत्या. लाजेने मी मान वर करीत नसे.

चौथ्या आठवड्यात गॅसवर दूध उतू जाताना दिसले आणि मी वॉकर सोडून उभी राहिले. अशी कळ आली की, डोळ्यांपुढे अंधारी आली. सुदैवाने स्क्रू जागेवर होते. त्या रात्री सासूबाई एवढेच म्हणाल्या, ‘‘दूध पुन्हा आणता येईल. पाय कुठून आणशील?’’

अंथरुणावर पडून वाचायला भरपूर वेळ होता. लंडनच्या पर्सिव्हल पॉट या सर्जनची हकिगत मी तेव्हाच वाचली. 1756 साली घोड्यावरून पडून त्याचा पाय मोडला. त्याने रस्त्यावरच एक दार विकत आणवले आणि त्यावर निजवल्याशिवाय स्वतःला हलवू दिले नाही. घोट्याच्या फ्रॅक्चरला आजही त्याचे नाव दिले जाते. मला मात्र काकूंची उशी आठवली.

सहा आठवड्यांनी एक्सरे पाहून थोडे थोडे वजन टाकायची परवानगी मिळाली. पहिले पाऊल टाकताना मी रडलेच. पाय काठीसारखा बारीक आणि ताठ झाला होता. फिजिओथेरपिस्टने अंगठ्याने हवेत अक्षरे गिरवायला सांगितले. मी ‘क’ काढला की मुलगा ओळखायचा. बाराखडी संपेपर्यंत घोटा बराच मोकळा झाला. तिसऱ्या महिन्यानंतर काठी सुटली. पण संध्याकाळची सूज वर्षभर राहिली. उकिडवे बसणे अजूनही जमत नाही.

अशी वेळ कुणावर आलीच, तर एवढे लक्षात ठेवा. पाय चोळू नका, ओढू नका. प्लास्टरमध्ये बोटे निळी किंवा बधिर झाली, पोटरी सुजून दुखू लागली किंवा धाप लागली, तर सकाळची वाट पाहू नका, लगेच दवाखाना गाठा. घरात कुणी विडी-सिगारेट ओढत असेल, तर त्यालाही सांगा, धुराने हाड उशिरा जुळते.

आता मी कठडा धरूनच जिना उतरते. दप्तर मुलगा स्वतः घेतो. आणि दर रविवारी नाशिकला फोन करते. पहिला प्रश्न ठरलेला असतो, ‘‘पाय कसा आहे गं?’’