बोगमाळोची राणी

गोव्याला चाललोय असं ऑफिसात सांगितलं की दोन प्रश्न ठरलेले. बागा की पाळोळे? आणि येताना काजू आणशील ना? 'बोगमाळोला जातोय, एका विमानाच्या खिडक्या मोजायच्यात,' हे उत्तर कुणाच्याच फॉर्ममध्ये बसत नाही. टीममधल्या पोरांनी एकमेकांकडे बघितलं आणि विषय पुन्हा काजूंवर आणला.

तर मंडळी, खुलासा करतो. मी विमानं रंगवतो. खरी नाही, कॉम्प्युटरवरची.

फ्लाइट सिम्युलेटरवाल्यांमध्ये दोन जाती असतात. एक उडवणारे आणि दुसरे रंगवणारे. सिम्युलेटरबरोबर मोजकीच विमानं मिळतात. बाकीची 'अ‍ॅड-ऑन' म्हणून बाहेरून घ्यायची. काही विकत मिळतात, काही हौशी मंडळी महिनोन् महिने खपून फुकट वाटतात. पण अ‍ॅड-ऑन येतं ते तीन-चार परदेशी कंपन्यांच्या रंगात. आपल्याला हवी असते आपली एअरलाइन. मग आपणच ब्रश हातात घ्यायचा. याला म्हणायचं रीपेंट. किंगफिशर २०१२ साली जमिनीवर आली, जेट एअरवेज २०१९ साली. तुमच्यापैकी कित्येकांचा पहिला विमानप्रवास यांच्यापैकीच कुणाच्या तरी खिडकीतून झाला असेल. आज ते रंग आकाशात नाहीत, पण असंख्य हार्ड डिस्कवर रोज मुंबई-दिल्ली करतायत.

कपडा तोच, शिवण वेगळी

हे काम दिसतं त्यापेक्षा शिंप्याच्या जास्त जवळचं आहे. विमानाचं थ्रीडी मॉडेल म्हणजे नुसता सांगाडा. त्यावर जी 'कातडी' चढते ती सपाट चित्रांच्या रूपात असते. डावी बाजू एका चित्रात, उजवी दुसऱ्यात, पंख तिसऱ्यात, शेपटी कुठेतरी कोपऱ्यात उलटी चिकटवलेली. मॉडेल बनवणारा मोठ्या मनाचा असला तर 'पेंट किट' देतो. त्यात पत्र्याचे जोड, रिव्हेट, सावल्या, मळ हे सगळं वेगवेगळ्या लेयरवर असतं. आपण मधल्या लेयरवर रंग भरायचा. शिवाय एक न दिसणारा थर असतो, अल्फा चॅनेल. त्यातला राखाडी कमी-जास्त केला की पत्रा आरशासारखा चमकतो, नाही तर खडूसारखा मंद होतो.

रंगवून झालं की चित्रं नव्या टेक्स्चर फोल्डरमध्ये टाकायची आणि विमानाच्या कॉन्फिग फाइलमध्ये चार ओळींची नवी नोंद करायची. नोंदींचे नंबर शून्यापासून ओळीने हवेत. एक नंबर सुटला की तुमचं रात्र-रात्र जागून रंगवलेलं विमान यादीत दिसतच नाही. २०२० च्या मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटरपासून आणखी एक फाइल आली. पॅकेजमधल्या प्रत्येक चित्राची हजेरी तिच्यात लागावी लागते. सरकारी ऑफिसात चालेल इतकी शिस्त!

आता हे सगळं घरी बसून होतं. मग बोगमाळोला कशाला?

चार नावं नाही, तीन जन्म

कारण मला रंगवायची होती सुपर कॉन्स्टेलेशन. लॉकहीड कंपनीचं चार पंख्यांचं विमान, शौकिनांच्या भाषेत 'कॉनी'. एअर इंडिया इंटरनॅशनलची मुंबई-लंडन सेवा ८ जून १९४८ ला सुरू झाली ती याच घराण्यातल्या 'मलबार प्रिन्सेस'ने, कैरो आणि जिनिव्हामार्गे. पन्नाशीच्या दशकात तिची थोरली, लांब बहीण सुपर कॉन्स्टेलेशन आली आणि राजकन्यांच्या जागी राण्या झाल्या. त्यातली एक 'रानी ऑफ एलोरा'. आपल्या वेरूळची राणी.

जेट विमानं आल्यावर राण्यांचे दिवस संपले. साठीच्या दशकाच्या सुरुवातीला वेरूळची राणी हवाई दलात गेली. १९७६ साली तिथून नौदलात, समुद्रावर टेहळणी करायला. ऐंशीच्या दशकात निवृत्त झाली आणि आज बोगमाळोच्या नौदल विमान संग्रहालयात उभी आहे. एकाच पत्र्यावर तीन जन्मांचे तीन रंग.

आणि हा पत्रा फार लबाड आहे. आजची विमानं म्हणजे सरळ नळी. कॉनीचं अंग माशासारखं: नाक खाली झुकलेलं, पोट फुगीर, शेपटी वर उचललेली. दर थोड्या अंतराने घेर बदलतो. सपाट चित्रावर सरळ ओढलेला पट्टा तिच्या अंगावर चढला की कुठे उतरतो, कुठे चढतो. जुन्या फोटोंत पट्टा खिडक्यांशी नेमका कसा जुळतो ते कळत नाही, कारण फोटो नेहमी तिरके आणि बरेचसे काळे-पांढरे. उभ्या विमानासमोर स्वतः उभं राहायचं, हा एकच इलाज होता.

पायलटच्या मागे बसून

कोकणकन्येने रात्रभर, मग मडगावहून कदंबने वास्को. वास्कोला उतरल्यावर मी 'पायलट' केला. गोव्यात पायलट म्हणजे मोटारसायकलवाला टॅक्सीवाला, हे माहीत नसलेल्यांसाठी सांगतो. म्युझियम म्हटल्यावर त्याने मागे वळून माझ्याकडे पाहिलं. 'बीच ना?' 'बीच नंतर.' त्याला ते पटलं नसावं. रस्ता दाबोळी विमानतळाच्या कडेने जातो. कुंपणाच्या आत नौदलाचा तळ, आयएनएस हंसा. एखादं लढाऊ विमान उठलं तर आवाज छातीत बसतो आणि पायलटही क्षणभर गप्प होतो.

संग्रहालय १९९८ साली सुरू झालं. आत विक्रांतच्या गोष्टी आहेत, शस्त्रं आहेत. बाहेर मोकळ्यावर विमानं. १९७१ च्या युद्धात विक्रांतवरून उडालेल्या सी हॉक आणि अलिझे यांच्या जातीची. नौदलाचं पहिलं विमान शॉर्ट सीलँड, जे पाण्यावर उतरायचं. सी हॅरियर, जे जागच्या जागी उठायचं. शाळेच्या सहली याच हॅरियरभोवती घोळका करतात.

राणीकडे कुणी फारसं फिरकत नव्हतं. आकाराने सगळ्यांत मोठी, पंखांचा पसारा सुमारे १२३ फूट, तरी आधी नजरेत भरतात ते तिचे पाय. पुढचं चाक इतक्या उंच दांड्यावर की टाचेवर उभी राहिल्यासारखी दिसते. मोठाले पंखे जमिनीला लागू नयेत म्हणून हा खटाटोप. मागे एक उंच शेपूट असायच्या जागी तीन बुटकी शेपटं, जुन्या हँगरच्या दारातून आत जाता यावं म्हणून. अंगावर नौदलाचा रंग, नंबर आयएन ३१५. एअर इंडियाच्या लाल पट्ट्याचा मागमूस नाही.

कामाची पद्धत सांगून ठेवतो, इतर विमानांनाही चालते. ढगाळ वेळ गाठायची, ऊन असलं की पत्र्यावर खोट्या सावल्या पडतात. विमानाला समांतर चालायचं आणि दर दोन पावलांना एक फोटो, कॅमेरा अगदी काटकोनात. खिडक्या, दारं, जोड यांचा क्रम वहीत. घरी हे तुकडे जुळवले की बाजूचा पूर्ण नकाशा मिळतो. तीन तास मी तिच्याभोवती फिरलो. ड्यूटीवरच्या माणसाने दोनदा विचारलं, 'सब ठीक है?'

तीन तास एकाच वस्तूकडे बघितलं की ती वस्तू बोलायला लागते. पंख्यांच्या टोकांवरचे टवके दिसतात. रंगाखाली आधीच्या रंगाचा उंचवटा बोटाएवढ्या अंतरावरून जाणवतो. आणि गंज दिसतो. समुद्र इथून हाकेच्या अंतरावर आहे. वर्षातले चार महिने धो धो पाऊस, उरलेले आठ महिने खारा वारा. नौदलाची माणसं रंग देतात, निगा राखतात म्हणून ती उभी आहे. पण अ‍ॅल्युमिनियम आणि मीठ यांचं भांडण जुनं आहे, आणि उघड्यावर त्यात मीठच पुढे असतं. फोटो काढता काढता वाटलं, आपण गेम सजवायला आलो होतो, आता नोंद ठेवायला लागलोय.

तिथून चालत बोगमाळोच्या किनाऱ्यावर गेलो. फिश करी राइस खाताना आणखी एक गोष्ट आठवली. १८ डिसेंबर १९६१ ला, गोवा मुक्तीच्या वेळी, आपल्या कॅनबेरा विमानांनी याच दाबोळीच्या धावपट्टीवर बॉम्ब टाकले. तिथे अडकलेली दोन पोर्तुगीज प्रवासी विमानं, त्यातलं एक कॉन्स्टेलेशन घराण्यातलं, त्या रात्री उरलेल्या धावपट्टीवरून उडून कराचीला निसटली. सिम्युलेटरवाल्यांनो, अर्धीच धावपट्टी वापरून हे टेकऑफ करून बघा. घाम फुटतो!

'फार स्वच्छ आहे रे ही'

मुंबईला परतल्यावर नकाशा तयार होता. प्रश्न उरला लालचा. कोणता लाल?

आमच्या सोसायटीत तळमजल्यावर एक काका राहतात. वय पंच्याऐंशी. १९५९ साली सांताक्रूझच्या हँगरमध्ये अ‍ॅप्रेंटिस म्हणून लागले ते शेवटच्या पगारापर्यंत विमानांच्याच खाली राहिले. त्यांना लॅपटॉपवर लालच्या पाच छटा दाखवल्या. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. 'चौथा. पण उन्हातला. हँगरमध्ये आणला की पाचवा दिसायचा.' दोन्ही नोंदवून घेतले.

चार रविवार लागले. वर पांढरं छत, खिडक्यांवरून लाल पट्टा, खाली उघडा चकचकीत पत्रा, तीन शेपटं. काकांना बोलावलं. ते बराच वेळ गप्प. मग म्हणाले, 'फार स्वच्छ आहे रे ही.'

'म्हणजे?'

'तेल कुठाय? एकेका इंजिनाला अठरा सिलिंडर. तेल गळणारच. आम्ही म्हणायचो, कॉनीचं तेल गळायचं थांबलं तर खूश होऊ नका, तेल संपलंय! आम्ही पुसायचो, तासाभरात पुन्हा ओघळ. ते दाखव.'

मी ओघळ काढले. इंजिनाच्या मागे पंखावर तपकिरी, धुराड्यामागे काळे. काका बोट ठेवून सांगत होते, इथे जास्त, इथे नको, इथे आम्ही फडकं मारायचो.

मग मी विचारलं, 'काका, नौदलाचा रंगही करू का? की राणी लालच राहू दे?'

'दोन्ही कर,' ते म्हणाले. 'लाल आमचा. पण म्हातारपणी सांभाळली ती त्यांनी.'

म्हणून माझ्या यादीत आता एकाच विमानाच्या दोन नोंदी आहेत, एकामागोमाग एक. नौदलाच्या रंगात बोगमाळोचा गंजसुद्धा आहे, जिथे दिसला तिथेच.

लाल राणी तयार झाल्यावर मी सांताक्रूझच्या धावपट्टीवर उभी केली आणि माऊस काकांच्या हातात दिला. उडवा म्हटलं. त्यांनी मान हलवली. 'उडवायला पायलट होते. कॅमेरा खाली घे. अजून खाली. डाव्या पंखाखाली, आतल्या इंजिनापाशी.' एकोणीस वर्षांचा पोरगा जिथे मान वर करून उभा राहत असेल, बरोबर तिथे. वर तेलाचे ओघळ, मागे लाल पट्टा, नाकाजवळ तिचं नाव.

'बस,' काका म्हणाले. 'इथेच राहू दे जरा.'

जायचंय?
मुंबईहून कोकणकन्येने मडगाव, पुढे बसने वास्को आणि तिथून रिक्षा किंवा पायलट. दाबोळी विमानतळावर उतरलात तर आणखी जवळ. मोपाला उतरलात तर मात्र अख्खा गोवा ओलांडावा लागेल, तिकीट काढताना विमानतळ बघा. सोमवार टाळा. टोपी, पाणी आणि निदान दोन तास हाताशी ठेवा.

रंगवायचंय?
लेयर चालणारं कोणतंही चित्रकलेचं सॉफ्टवेअर पुरे. पेंट किट असलेलं अ‍ॅड-ऑन निवडा आणि पहिलं विमान सरळ नळीचं घ्या, कॉनी नंतर. दुसऱ्याच्या किटवर केलेलं काम वाटण्याआधी मूळ मॉडेलकर्त्याच्या अटी वाचा. आणि ज्या विमानाला रंग देताय त्यावर काम केलेलं कुणी तुमच्या ओळखीत असेल, तर शेवटचा हात फिरवण्याआधी त्यांना चहाला बोलवा.