हत्यार, घाव आणि तोतया

'संगणकीय गुन्हा' हा शब्दप्रयोग आम्हांस प्रथमपासून चमत्कारिक वाटत आला आहे. कोयत्यानें केलेल्या खुनास कोणी 'कोयत्याचा गुन्हा' म्हणत नाहीं. मग येथेंच हत्यारावरून गुन्ह्याचें नांव कां पडावें? परंतु विचारान्तीं असें दिसतें कीं, पुष्कळदां घाव बसतो तोही या यंत्रावरच. शिवाय घावाची जात निराळी. १८६० च्या दंडसंहितेप्रमाणें चोरी व्हावयाची तर जंगम वस्तु दुसऱ्याच्या ताब्यांतून हलविली जावी लागे. संगणकांतील कागदाची नक्कल पळविली तर मूळ कागद जागच्या जागीं राहतो. मालकास कांहीं गेल्याचा पत्ताही नसतो. अशा कृत्यांसाठीं २००० सालच्या माहिती तंत्रज्ञान कायद्यांत स्वतंत्र कलमें घालावीं लागलीं, आणि २००८ च्या दुरुस्तीनें लबाडीनें उतरून घेतलेल्या नकलेसही तीन वर्षांपर्यंत कैद सांगितली.

व्याप्तीचा प्रश्न याहून बिकट. ऑगस्ट २०१८ मध्यें पुण्याच्या कॉसमॉस बँकेवर पडलेला दरोडा आठवावा. कुलूप फुटलें नाहीं, पहारेकरी बांधला गेला नाहीं. कार्ड खरें कीं खोटें, हें बँकेस विचारणारा निरोप मध्येंच अडवून एका तोतया यंत्रानें 'पैसे द्या' असें उत्तर धाडलें, आणि २८ देशांतील एटीएमांतून पैसा बाहेर पडला. हाँगकाँगकडे वळविलेली रक्कम धरून सुमारें ९४ कोटी रुपये गेले. भारतांतील संगणकास धक्का लागला असेल, तर गुन्हेगार कोणत्याही देशांत असो, त्यास आपला कायदा लागू होतो. मात्र कायदा पोंचला म्हणून शिपायाचा हात पोंचतोच असें नाहीं.

पुण्यास तोतये नवे नाहींत. पानपतानंतर सदाशिवरावभाऊ म्हणून मिरविणाऱ्या इसमास १७७६ सालीं देहान्तशासन झालें. तत्पूर्वीं भल्याभल्यांनीं त्यास खरा मानिलें होतें. आज गणवेशांतला एखादा तोतया मोबाइलच्या पडद्यावर येतो आणि निवृत्त गृहस्थास 'डिजिटल अटक' झाल्याचें सांगून त्याची आयुष्याची पुंजी लुबाडतो. अशी अटक कोणत्याही कायद्यांत नाहीं. पण सुशिक्षित घरांत पहिला प्रश्न निघतो, 'तुम्हांला एवढेंही कळलें नाहीं?' या प्रश्नाच्या धास्तीनें तो गृहस्थ दिवसचे दिवस तोंड उघडत नाहीं. १९३० या क्रमांकावर तात्काळ कळविलें असतें तर जो पैसा कदाचित् वाटेंत अडवितां आला असता, तो तेवढ्यांत हातोहात नाहींसा होतो. चोरास ही मुदत घरच्याच माणसांनीं मिळवून दिलेली असते.