बाळंतिणीची खोली

आपल्या भाषेने ‘आंबणे’ या शब्दावर फार अन्याय केला आहे. कामाने अंग आंबते, उरलेली भाजी आंबली की ती गाईपुढे जाते. पण दिवाळीच्या फराळात ज्याची मिजास सर्वांत मोठी, तो अनारसा तीन दिवस पाण्यात आंबलेल्या तांदळाचाच ना? दही, इडली, ज्वारीची आंबील, सारी याच शब्दाची लेकरे. आंबणे आणि नासणे यांत अंतर असते ते पुष्कळदा चार-सहा अंशांचेच.

हे अंशांचे गणित मला शिकवले माझ्या पुतण्याने. तो अमेरिकेत असतो आणि घरच्या घरी बियर करतो. वाचकांनी भुवया उंचावू नयेत. आपल्याकडे 1949 च्या दारूबंदी कायद्याप्रमाणे परवान्यावाचून हा उद्योग करणे गुन्हा आहे. तिकडे 1978 साली अध्यक्ष कार्टर यांनी एका विधेयकावर सही केली आणि त्याला वाट मोकळी झाली. पुतण्याने त्यासाठी जुना फ्रिज मिळवला. त्यात भांडे ठेवले, भांड्याला गरम होणारा पट्टा गुंडाळला आणि फ्रिज व पट्टा हे दोन्ही एका छोट्या यंत्राला जोडले. उष्णता वाढली की यंत्र फ्रिज चालू करते, उतरली की पट्टा. तापमान मोजणारा काटा मात्र हवेत लोंबत ठेवायचा नाही, भांड्याच्या अंगालाच चिकटवायचा. कारण यीस्ट कामाला लागले की स्वतःच तापते, आणि आतला रस बाहेरच्या हवेपेक्षा कितीतरी ऊन होतो. बियरच्या एका जातीला अठरा ते वीस अंश लागतात, दुसरीला दहाच्या आसपास. याहून ऊब वाढली तर चव बिघडते.

हे सारे तो फोनवर दाखवीत असताना आमची आई शेजारी बसली होती. तिने विचारले, “त्या कपाटात कोन हाय रे?”

“यीस्ट आहे, आजी. त्याला एकोणीस अंशांतच ठेवावं लागतं. वारा नको, उजेड नको.”

“मंग बाळंतिणीची खोली म्हण की!” आई म्हणाली.

हिच्यासाठी जगाने किती धडपड केली आहे! बव्हेरियात 1553 सालापासून एप्रिलअखेर ते सप्टेंबरअखेर बियर गाळायलाच बंदी होती, कारण उन्हाळ्यात ती हमखास बिघडे. पुढे कार्ल फॉन लिंडे याने थंडी निर्माण करणारे यंत्र रचले ते म्युनिकच्या बियर-कारखान्यासाठी. म्हणजे आज घराघरांत पाण्याच्या बाटल्या गार करणाऱ्या फ्रिजचा एक पूर्वज बियरच्या कारखान्यात नांदला आहे. 1883 साली कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत हान्सेन याने यीस्टची एकच पेशी वेगळी काढून तिचा शुद्ध वंश वाढवला. आपल्या पुण्यातही राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत अशा सूक्ष्म जीवांचा संग्रह जपलेला आहे. विरजण संपले म्हणून शेजारी वाटी पाठवणाऱ्या बायकांना यात नवे काही वाटणार नाही.

आमच्या लोह्याला उन्हाळा चाळिशीच्या पलीकडे जातो, आणि माळेगावच्या यात्रेच्या सुमारास रात्री गोधडी पुरत नाही. या दोन्ही टोकांना आईचे दही सारखेच लागे. दुधात करंगळी बुडवायची, मनातल्या मनात काही मोजायचे, मग विरजण घालायचे. हिवाळ्यात भांडे धान्यात पुरायचे, उन्हाळ्यात माठाशेजारी ठेवायचे. पण मधुमेहाने तिच्या बोटांची जाण हळूहळू गेली. ऊन दुधात विरजण मरू लागले, निवलेल्या दुधात दह्याला तार सुटू लागली. ती बोलली नाही, फक्त एके दिवशी सुनेला म्हणाली, “आजपासून तूच लाव बाई.” त्या वाक्याने घरातले कोणी त्या दिवशी नीट जेवले नाही.

पुतण्याने यंत्र पाठवून दिले. सुताराकडून लाकडी पेटी केली, आतून थर्माकोल लावला, चाळीस वॅटचा दिवा बसवला आणि आकडा त्रेचाळीसवर ठेवला. दूध मोजायला स्वयंपाकघरात तापमापक आला. वीज गेली तरी थर्माकोल काही वेळ ऊब धरून ठेवतो. आई दोन दिवस पेटीकडे फिरकली नाही. तिसऱ्या दिवशी तिने मला हाक मारली, तापमापक माझ्या हातात दिला आणि स्वतः करंगळी दुधात बुडवून बसली.

“किती झालं?”

“शेहेचाळीस.”

ती थांबली. मी त्रेचाळीस म्हणताच तिने विरजण घातले आणि करंगळी पदराला पुसली. आता रोज असेच चालते. आकडा मी वाचतो. दही आईने लावलेले असते. त्यातले वाटीभर शेजारी विरजणाला जाते आणि शेजारीण म्हणते, “मावशी, तुमच्या हाताची सर कुणाला नाही.” आई माझ्याकडे पाहते आणि मी पेटीचे झाकण नीट बसले आहे की नाही ते पाहू लागतो.