उसनें बळ

संसारांत जी वस्तु घ्यावयाची तिची निवड दोन रीतींनीं होते. एक रीत नेहमींच्या गरजेकडे पाहण्याची, आणि दुसरी वर्षांतून एखादे वेळीं येणाऱ्या मोठ्या प्रसंगाकडे पाहण्याची. दिवाळींत बारा पाहुणे येतात म्हणून चार माणसांच्या घरांत रोज बारा माणसांचें पातेलें चुलीवर चढविणारी गृहिणी आम्हीं पाहिलेली नाहीं. परंतु वाहनाची गोष्ट निघाली कीं शहाणींसुरतीं माणसेंहि मोठें पातेलें मागूं लागतात.

आमच्या घरीं हा प्रश्न २०२२ सालच्या दिवाळींत निघाला. आमचें बिऱ्हाड पुण्यांत, कुटुंब एकत्र. कनिष्ठ बंधु आज हयात नाहींत. त्यांच्या एकुलत्या कन्येचें पालकपण आमच्याकडे आहे. मुलगी नोकरीस लागून तीन वर्षें झालीं होतीं. केवळ पुढच्या चाकाला धक्का पेलणारा चिमटा असलेल्या एका साध्या सायकलीवर तिनें पुण्याभोंवतालच्या टेकड्या आणि मावळांतील पायवाटा पालथ्या घातल्या होत्या. पगारांतून शिल्लक टाकीत तिनें अडीच लाख रुपये जमविले, आणि एके रात्रीं जेवणें आटोपल्यावर ती म्हणाली, "काका, मला दोन्ही चाकांना सस्पेन्शन असलेली माउंटन बाइक घ्यावयाची आहे. १७० मिलिमीटर ट्रॅव्हलची. पैसे माझे आहेत; पण तुमचा होकार पाहिजे."

"एवढ्या पैशांत मोटारसायकल येते," आमचे चिरंजीव म्हणाले. मातोश्रींनीं हातांतली जपमाळ थांबवून विचारलें, "मग हिला इंजिन तरी आहे का रे?" भावजय मात्र कांहींच बोलली नाहीं. दुसऱ्या दिवशीं सकाळीं चहाचा पेला पुढें ठेवतांना तिनें एवढेंच म्हटलें, "भाऊजी, तुम्ही ठरवाल तें मला मान्य. पण मला ही एकच आहे."

होकार आम्हीं द्यावयाचा होता, आणि हाडें मोडलीं तर तीं पुतणीचीं मोडावयाचीं होतीं. आम्हीं दोन महिन्यांची मुदत मागून घेतली आणि या विषयाच्या अभ्यासास लागलों.

या सायकलीचें माहेर अमेरिकेंत, कॅलिफोर्नियांतील मरीन परगण्यांत आहे. १९७० नंतरच्या दशकांत तेथील तरुण १९३०-४० च्या सुमाराच्या जुन्या, जाड टायरांच्या वजनदार सायकली डोंगरावर चढवून नेत आणि उतारावरून सोडीत. फेअरफॅक्स गांवाजवळ सुमारें २ मैलांत १३०० फूट उतरणारी एक कच्ची वाट आहे. तीवर २१ ऑक्टोबर १९७६ रोजीं त्यांची पहिली शर्यत झाली. या वाटेला ‘रीपॅक’ असें नांव पडलें. पायडल उलटें दाबून लागणारा ब्रेक मागच्या हबमध्यें असे. एका उतारांतच त्यांतलें ग्रीस जळून धूर निघे आणि हब उघडून पुन्हां ग्रीस भरावें लागे, म्हणून हें नांव. पुढें १९७७ सालीं जो ब्रीझ यांनीं अशा वाटांसाठींच मुद्दाम नवी फ्रेम बांधली. १९८१ सालीं ‘स्टंपजंपर’ बाजारांत आली. धक्का पेलणारे चिमटे त्यानंतर, त्या दशकाच्या अखेरीस आले. आणि १९९६ सालीं अटलांटा येथें या खेळाला ऑलिंपिकमध्यें स्थान मिळालें. या इतिहासांतून आम्हांस एक गोष्ट कळली. त्या धाडसी तरुणांचें अडलें तें प्रथम धक्क्यांपाशीं नव्हे, ब्रेकपाशीं.

आतां ट्रॅव्हल म्हणजे काय तें सांगितलें पाहिजे. दगडावर आपटल्यावर चाक आपल्या जागेपासून जास्तींत जास्त जितकें वर सरकूं शकतें, तें त्या सायकलीचें ट्रॅव्हल. चढ-उताराच्या वेगवान शर्यतीच्या सायकलीला तें १०० ते १२० मिलिमीटर असतें, नुसत्या कड्याउतारावरून सुटणाऱ्या सायकलीला २०० च्या आसपास. पायवाटांवर चढावयाचें आणि उतरावयाचेंहि, अशा सायकली या दोहोंच्या मध्यें येतात, आणि त्यांतील १५० व त्याहून अधिक ट्रॅव्हलच्या सायकलींना लांब ट्रॅव्हलच्या म्हणतात.

प्रथमदर्शनीं वाटतें, जितकें जास्त तितकें चांगलें. पण हें बळ उसनें असतें, आणि त्याचें व्याज द्यावें लागतें. वजन वाढतें, सपाटीवर आणि चढावर पायांचे कांहीं श्रम शॉकच्या हेलकाव्यांत जिरतात, आणि मुख्य म्हणजे, जो दगड पूर्वीं "सावकाश" म्हणून सांगत होता तो आतां मुकाट्यानें चाकाखालून निघून जातो. पडण्याची वेळ थोडी लांबते खरी, परंतु पडणें झालें तर तें अधिक वेगानें होतें.

आम्हीं पुतणीला सांगितलें, "तुझ्या मागच्या वीस फेऱ्या वहींत लिहून आण. कोठें गेलीस, काय अडलें, कोठें उतरून चाललीस." तिनें प्रामाणिकपणें लिहून आणल्या. चवदा फेऱ्या टेकड्यांवरच्या आणि कच्च्या रस्त्यांवरच्या होत्या. चार मावळांतील दगडगोट्यांच्या उतारांवर होत्या. उरलेल्या दोहोंत निम्मी वाट सायकल खांद्यावर होती. ती वही पाहून तिची तीच म्हणाली, "काका, १७० मी कोणाला दाखवायला घेणार होतें?" पुढें १५० आणि मागें १४५ यांवर एकमत झालें. कातळावर पसरलेला सुटा मुरूम आणि पावसानें खणलेल्या पायऱ्या हेंच आमच्या सह्याद्रीच्या वाटांचें स्वरूप. त्यास एवढें पुरेसें होतें.

पुढचा प्रश्न मापाचा. एका दुकानदारानें अंगावर बसेल त्याहून एक माप मोठी सायकल पुष्कळ स्वस्तांत देऊं केली. "सीट खालीं घेतली कीं झालें," असें त्याचें म्हणणें. परंतु उतारावर स्वार सीटवर बसत नाहीं. तो पायडलांवर उभा असतो. म्हणून पाहावयाचें तें सीटपासूनचें अंतर नव्हे. क्रँकच्या मध्यावरून एक उभी रेषा कल्पावी, आणि तेथून हँडलखालच्या नळीच्या माथ्यापर्यंतचें आडवें अंतर मोजावें. हें अंतर हातांच्या आटोक्याबाहेर गेलें तर पुढचें चाक स्वाराचें ऐकत नाहीं. सीट खालींवर होते; फ्रेम लहान होत नाहीं. मुलीनें ती सवलत नाकारली, तेव्हां आमची निम्मी काळजी मिटली.

येथें आम्हांस जो नियम सांपडला तो घरबांधणीलाहि लागू पडेल. जें मागाहून बदलतां येत नाहीं त्यावर प्रथम लक्ष द्यावें, मग जें बदलतां येतें त्यावर. फ्रेमचें माप, चिमट्याचा कल, मागच्या शॉकची रचना, हबची रुंदी हीं जन्मभराचीं. टायर, ब्रेक, हँडल, गिअर हीं बदलतां येण्याजोगीं. म्हणून कार्बनचा मोह सोडून चांगल्या आंखणीची ॲल्युमिनियमची फ्रेम घेतली. चिमट्याचा कल ६५ अंशांचा, म्हणजे पुढचें चाक बरेंच पुढें. उतारावर तें सायकलीला स्थिर ठेवतें. चाकें ‘एकोणतीस इंची’. या चाकाच्या रिमवर टायर ज्या ठिकाणीं बसतो तेथें व्यास ६२२ मिलिमीटर असतो. माळ्यावर ठेवलेल्या तीर्थरूपांच्या अठ्ठावीस इंची जुन्या सायकलीचा तोच व्यास ६३५ आहे. हें ऐकून मातोश्रींना फार समाधान वाटलें. "म्हणजे ह्यांच्याच सायकलीचें चाक मोठें होतें तर!" त्या म्हणाल्या, आणि त्यांचा विरोध त्या दिवसापासून मावळला.

२०२३ च्या जानेवारींत दोन लाखांच्या आंत सायकल घरीं आली. उरलेल्या पैशांतून प्रथम तोंडासकट डोकें झांकणारें हेल्मेट आणि गुडघ्यांचीं कवचें घेतलीं. ही भावजयीची अट होती. मग सुधारणांचा विचार. यांतली पहिली सुधारणा फुकट होती. स्वार सर्व सामानानिशीं पायडलांवर उभा राहिला असतां सस्पेन्शन थोडें दबलें पाहिजे. पुढें ट्रॅव्हलच्या सुमारें पंचमांश, मागें सुमारें तीन-दशांश. १५० च्या चिमट्याला हें ३० मिलिमीटर होतें. एक छोटा पंप आणि एक मोजपट्टी घेऊन अंगणांत सायंकाळभर हें काम चाललें होतें. हवा कमी केली, वाढविली, दबलेला शॉक परत किती वेगानें उसळावा याची फिरकी एकेक घर फिरविली. कित्येक लोक हें न करतां नवा चिमटा विकत घेतात, असें सायकलीचें काम करणाऱ्या एका कारागिरानें आम्हांस सांगितलें.

पैसे खर्चून केलेली पहिली सुधारणा टायरांची. जमिनीला स्पर्श करणारी सबंध सायकलींत तेवढीच एक वस्तु. पुढें खोल खांचांचा, जाड बाजूंचा टायर बसविला आणि ट्यूब काढून आंत सीलंट नांवाचा चिकट द्रव घातला; बाभळीचा कांटा शिरला तर भोक तोच बुजवितो. आमच्या उन्हाळ्यांत तो लवकर वाळतो, म्हणून दोन-तीन महिन्यांनीं भर घालावी लागते. दुसरी सुधारणा ब्रेकची. पुढची डिस्क १८० ची होती ती २०३ मिलिमीटरची केली, फ्रेम व चिमटा करणाऱ्यांची तिला मुभा आहे हें आधीं पाहूनच. पॅड धातुमिश्रित घेतले. लांब उतारावर तापले तरी ते पकड सहसा सोडीत नाहींत.

तिसऱ्या सुधारणेपाशीं आमचा पुतणीशीं थोडा वाद झाला. चिमटा १६० चा करावा असें तिच्या मनांत आलें. चिमटा १० मिलिमीटरनीं वाढला कीं त्याचा कल सुमारें अर्ध्या अंशानें पडतो, क्रँक वर जातो, आणि चढावर पुढचें चाक भरकटूं लागतें. शिवाय फ्रेम करणाऱ्यानें घातलेली मर्यादा ओलांडतां येत नाहीं. आम्हीं म्हटलें, "वहींत एक रकाना वाढव: उणीव कोठें जाणवली. ती दुकानांत नव्हे, वाटेवर जाणवली पाहिजे." ती हंसली, पण रकाना तिनें आंखला.

त्याच वर्षीं पावसाळा सरल्यावर भावजयीनें एकदां आपण होऊन म्हटलें, "मला बघायचें आहे, ती काय करते तें." आम्ही तिघें मावळांतील एका घाटवाटेपाशीं गेलों. भावजय आणि आम्ही खालच्या वळणावर एका आंब्याखालीं उभे राहिलों. वरून मुलगी येतांना दिसली. दगडांवरून सायकल अशी कांहीं वाहत येत होती कीं भावजयीनें पदर तोंडाशीं धरला. वळणाच्या वर कंबरभर उंचीची, ओल्या शेवाळाची एक कातळपायरी होती. पुतणी तेथें आली, थांबली, पायरी न्याहाळली, आणि खालीं उतरून सायकल हातानें धरून चालत आली. मागें तिचे दोन मित्र होते. ते त्याच पायरीवरून उडी घेऊन पुढें निघून गेले. ती त्यांच्याकडे पाहून नुसती हंसली आणि पुन्हां सायकलीवर बसली.

परत येतांना बराच वेळ भावजय बोलली नाहीं. मग म्हणाली, "भाऊजी, आतां ती बाहेर असली तरी मला झोप लागेल." ब्रेक आम्हीं पारखून घेतला होता, पण तिचा विश्वास बसला तो दुसऱ्याच ब्रेकवर, आणि तो कोणत्याहि दुकानांत मिळत नाहीं.

चिमटा अजून १५० चाच आहे. दर पन्नासेक तासांच्या वापरानंतर त्याच्या खालच्या नळ्या उतरवून तेल बदलण्याचें काम आमच्या ओटीवर होतें, आणि मातोश्री जुनीं धोतरें फाडून चिंध्या पुरवितात. यंदां पुन्हां १६० ची गोष्ट निघाली आहे. आम्हीं नाहीं म्हटलेलें नाहीं. वही मात्र पाहावयास मागितली आहे.